सहीआधीचा वकील

कंपन्यांच्या कार्यालयांत एक वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडते: ‘फाइल लीगलला अडकलीये.’ विक्रीवाला ते चिडून म्हणतो, प्रकल्पवाला वैतागून. या ‘लीगल’मध्ये बसलेला माणूस म्हणजे कंपनीचा पगारी वकील. हल्ली त्याला लीगल हेड, जनरल काउन्सेल अशी भारदस्त नावे मिळाली आहेत, काळा कोट तेवढा अंगावर नसतो. तो कोर्टात उभा राहत नाही, साक्षीदाराला घाम फोडत नाही. त्याने वाचवलेला खटला वर्तमानपत्रात येत नाही, कारण तो खटला मुळात उभाच राहिलेला नसतो. करार तपासणे, नोटिशींना उत्तरे देणे, संचालक मंडळाला सल्ला देणे, बाहेरच्या वकिलांची बिले कापणे ही त्याच्या कामाची यादी कुणीही सांगेल. या कामाचा गाभा मात्र, माझ्या मते, एका विशिष्ट वेळेत आहे. कागदावर सही पडण्याआधीची ती वेळ. त्या वेळी कुणाला काय विचारायचे हे ज्याला कळते, तो चांगला कंपनी-वकील. आणि हे पाहायचे असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलात जाण्यापेक्षा जव्हार-मोखाड्याचा घाट चढलेला बरा.

ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात हे दोन तालुके आहेत. दर दहा माणसांत नऊजण आदिवासी: वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. बोईसर-तारापूरला कारखान्यांची गर्दी आहे, वाड्यातही कारखाने आहेत. घाट चढून वर आले की भात, नागली आणि वरई. कंपनी इथे येते ती किरकोळ निमित्तांनी. कधी मोबाइलचा मनोरा, कधी रिसॉर्टची जागा, कधी सामाजिक दायित्वाच्या निधीतून बसवलेला सौरपंप. मुंबईतल्या फाइलींच्या ढिगात ही प्रकरणे तळाशी असतात आणि ज्युनिअरकडे जातात. इथेच पहिली चूक होते. हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणजे राज्यघटनेची पाचवी अनुसूची त्यांना लागू आहे. मालक, संमती आणि करार या तीन साध्या शब्दांचा अर्थ इथे शहरातल्यासारखा राहत नाही.

मनोऱ्याचेच प्रकरण घेऊ. समजा, एका पाड्यालगतच्या माळावर तीन-चार गुंठे जागा हवी आहे. जागामालक राजी आहे, कारण महिन्याला भाडे मिळणार. पाडा राजी आहे, कारण रेंजसाठी टेकडी चढावी लागणार नाही. स्थानिक एजंटाने देशभर वापरला जाणारा छापील भाडेकरार पुढे ठेवला आहे, मुदत वीस वर्षे. सगळे सहीला बसलेत, फक्त ‘लीगल’चा होकार यायचा आहे. इथे चांगल्या वकिलाचा हात थांबतो तो महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ वर. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची असेल, तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला वा गहाणाला जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. त्याहून लांबचा पट्टा किंवा विक्री असेल, तर जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीआधी राज्य शासनाची मान्यता लागते. कंपनी ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती असली तरी आदिवासी व्यक्ती नव्हे. म्हणून तो वीस वर्षांचा छापील कागद पुण्यात चालतो आणि मोखाड्यात पहिल्या दिवसापासून पोकळ ठरतो. मनोरा उभा राहील, वीज येईल, रेंज येईल, आणि पायाखालची जागा मात्र कायद्याने कधी मिळालेलीच नसेल.

आता जमीन आदिवासीची आहे हे कळायचे कसे? सातबारा काढून, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे. ‘भोगवटादार वर्ग १’ दिसला की शहरी वकील निर्धास्त होतो, कारण वर्ग २ म्हणजे निर्बंध असे तो शिकलेला असतो. पण ३६-अ चा निर्बंध भोगवट्याच्या वर्गावर नाही, खातेदार कोण आहे यावर आहे; वर्ग १ ची जमीनसुद्धा त्यातून सुटत नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात तसा शेरा बहुधा असतो, पण शेरा राहून गेला म्हणून कायदा राहून जात नाही. मग आडनाव बघायचे, तर पवार आणि जाधव ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी कातकऱ्यांतही आहेत. एसी खोलीत बसून ‘पवार’ वाचणारा वकील आपल्या ओळखीतले पवार डोळ्यांपुढे आणतो आणि पुढे सरकतो. हल्ली करारांची छाननी मिनिटभरात करून देणारी संगणकीय साधने आली आहेत आणि ती कलमे बऱ्यापैकी पकडतात. पण हा पवार कोणता, हे तलाठ्याला, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, किंवा पाड्यातल्या चार माणसांना विचारल्याखेरीज त्यांनाही कळायचे नाही. तीच गत वनपट्ट्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाने पुढच्या पिढीकडे जाते, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. एजंटाने नवऱ्याची सही आणली म्हणून काम भागले असे समजणारा वकील दोन चुका एका सहीत करतो.

कागद किती मागे जाऊन पाहायचे, हाही प्रश्न आहे. जमीन-व्यवहारात तीस वर्षांचा सर्च घ्यायची रीत आहे. वकिलाने अहवाल दिला, बोजा नाही, वाद नाही, पुढे चला. जव्हारच्या जमिनीला ही रीत पुरत नाही. आदिवासींच्या जमिनी परत करण्याबाबतचा महाराष्ट्राचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला आणि त्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची वाट मोकळी केली. आज घेतलेला तीस वर्षांचा सर्च जेमतेम १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पोहोचतो, म्हणजे ज्या काळात खरी गोम आहे तो काळ पूर्ण वगळून. विकणारा आज बिगर-आदिवासी आहे, सातबाऱ्यावर कसला शेरा नाही, सगळे आलबेल दिसते. आणि १९६५ च्या फेरफारात जमीन एका वारल्याच्या नावावरून सावकाराच्या नावावर गेलेली असते. ती नोंद पाहिलीच नाही, तर तो व्यवहार १९७५ च्या कायद्याखाली तपासला गेला होता का, हा प्रश्नही पडत नाही.

कायदा इतका संशयी का आहे, हेही वकिलाला ठाऊक असावे लागते, नाहीतर त्याला कलमे पाठ होतात आणि त्यांचा रोख समजत नाही. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेर मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या पट्ट्यातली कर्जे, वेठ आणि जमिनी हातच्या जाण्याच्या तऱ्हा नोंदवल्या आहेत. डहाणू-तलासरी-उंबरगावच्या भागात १९४५ पासून वारल्यांचा उठाव झाला तोही वेठबिगारीविरुद्धच. त्या साऱ्या व्यवहारांत कागद होते आणि कागदांवर अंगठेही होते. थोडक्यात, संमतीचा पुरावा चोख होता आणि संमती नव्हती. १९७५ च्या कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात तो वैध ठरवला. करार हा दोन बरोबरीच्या माणसांतला व्यवहार असतो, हे गृहीतक बाजूला ठेवायचा अधिकार विधिमंडळाला आहे, असा त्या निकालाचा अर्थ मी लावतो. कंपनी-वकिलाचे अख्खे शिक्षण या गृहीतकावर उभे असते. ते गृहीतक कुठे लागू पडत नाही हे ओळखणे हे या पेशातले वरच्या दर्जाचे कौशल्य आहे, आणि ते विधी महाविद्यालयात कोणी शिकवत नाही.

यावर पहिला आक्षेप मोखाड्यातलाच आदिवासी घेईल, आणि तो रास्त आहे. ‘जमीन माझी, भाडे मला हवे, मनोरा पाड्याला हवा. मुंबईचा वकील कोण आम्हाला अडवणारा?’ सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना जमीन खासगी कंपन्यांना थेट भाडेपट्ट्याने देता यावी असा विचार बोलून दाखवला, तो याच धर्तीवर होता, आणि आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. या वादात कोण बरोबर हे ठरवणे वकिलाचे काम नाही. कायदा आज जसा आहे त्यात मनोरा कसा बसेल हे शोधणे त्याचे काम आहे. निव्वळ ‘नाही’ म्हणणारा वकील स्वस्तात सुटतो. पाच वर्षांचा पट्टा जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीने, मग नव्याने अर्ज. किंवा शासनाच्या मान्यतेची वाट, ज्यात वेळ जाईल. किंवा आदिवासी खातेदाराची नसलेली, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली जागा. प्रत्येक वाटेला किती महिने आणि काय जोखीम हे त्याने प्रकल्पवाल्यापुढे मांडले, तर ‘लीगलला अडकलीये’ हे वाक्य निम्म्याने कमी ऐकू येईल. वनजमिनीची वाट मात्र सुचवताना जपावे. वनहक्क कायद्याचे कलम ३(२) शाळा, रस्ते, पाणी, वीज व दूरसंचाराच्या तारा अशा तेरा सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवू देते. उत्साही प्रकल्पवाला ‘दूरसंचार’ हा शब्द पाहून टेबलावर हात मारतो. त्याच कलमात या सोयी शासनाने चालवलेल्या असाव्यात असेही लिहिले आहे. खासगी कंपनीचा मनोरा त्या दारातून आत जात नाही. असे एखाद-दोन शब्द पकडण्यासाठीच त्याला पगार मिळतो.

दुसरा आक्षेप पगाराचाच. ज्याच्या हातून महिन्याचे पैसे मिळतात त्याला हा माणूस खरे कसे सांगणार? हा आक्षेप हवेतला नाही, आपला कायदाच तो मानतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरलेल्याला वकिली करता येत नाही. नोकरी सांगून सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे ज्याला सगळे कार्यालय ‘वकीलसाहेब’ म्हणते तो तांत्रिकदृष्ट्या अधिवक्ता नसतो. याचा परिणाम गोपनीयतेवर होतो. पक्षकाराने वकिलाला सांगितलेले उघड करता येत नाही, हे संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलालाही आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विजय मेटल वर्क्स प्रकरणात म्हटले होते. युरोपच्या न्यायालयाने २०१० साली अक्झो नोबेल प्रकरणात, स्पर्धा कायद्याच्या चौकशांपुरते, उलट सांगितले: नोकरीतला वकील पुरेसा स्वतंत्र नाही. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण अशा वकिलांना नाकारले. कायदेविषयक सल्लागाराशी झालेल्या संभाषणापुरते कलम १३४ चे मर्यादित कवच तेवढे ठेवले.

मला हा निकाल या पेशाची नाचक्की वाटत नाही. त्याने एक भ्रम दूर केला. मनोऱ्याच्या फाइलवर पगारी वकिलाने लिहिलेला ईमेल उद्या चौकशीत पुढे येऊ शकतो, हे धरूनच त्याने तो लिहायला हवा, आणि असे धरून लिहिणारा माणूस जास्त सरळ लिहितो. ‘खातेदार आदिवासी आहे, ३६-अ ची मंजुरी नाही, मंजुरीशिवाय सही करू नये’ हे तीन तुकडे तारखेनिशी फाइलवर असले, की वरिष्ठांना ते डावलणे अवघड जाते. बाहेरच्या नामांकित फर्मचे मत मागवले तर? मत चांगलेच येईल, पण विचारलेल्या प्रश्नापुरते येईल. ‘हा भाडेकरार नोंदवता येईल का?’ असे विचारले तर तेवढ्याचेच उत्तर आणि त्याचेच बिल. मालक कातकरी आहे का, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. आत बसलेला माणूस बैठकीला हजर असतो, एजंटाचा फोन आला की त्याच्या कानावर जातो, प्रकल्पवाल्याला कसली घाई आहे हे त्याला माहीत असते. पगारामुळे त्याचे स्वातंत्र्य घटते हे खरेच. त्याच पगारामुळे तो वेळेवर तिथे असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: कंपनीचे वकील कायदा पाळायला नाही, पळवाटा काढायला असतात. काहीजण तसे असतात, नाकारण्यात अर्थ नाही. आदिवासी माणसाच्या नावे जमीन घेऊन पैसा आपला लावायचा, ही बेनामी युक्ती कागदावर कोणीतरी लिहून दिल्याशिवाय होत नाही. पण पळवाटेचा हिशेब लांबून पाहिला की ती महाग पडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या समता निकालात अनुसूचित क्षेत्रातली जमीन खाणींसाठी खासगी कंपन्यांना देण्याला पायबंद घातला. २०१३ साली ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइटचा निर्णय न्यायालयाने ग्रामसभांवर सोपवला, आणि बारांपैकी बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तोवर त्या प्रकल्पावर किती पैसा ओतला गेला होता, याचा विचार करावा. उलट बाजूही आहे: २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या अधिसूचनेने रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, कालवे अशा महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांना अनुसूचित क्षेत्रातल्या जमीनखरेदीला लागणाऱ्या ग्रामसभेच्या पूर्वसंमतीतून सूट दिली. ही सूट आपल्या खासगी रिसॉर्टलाही ओढूनताणून लावू पाहणारा वकील हुशार नव्हे, उतावळा.

जमिनीखेरीजही हेच कौशल्य लागते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. मुंबईला पाणी पाजणारे मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या हद्दीवर आहे आणि मोखाड्याच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकर लागतात. त्यामुळे नदीतून पाणी वर चढवणारा सौरपंप हे दात्यांचे आवडते काम. फोटो सुंदर येतो. लीगलकडे कागद येतो तो बहुधा उद्घाटनाच्या आठवडाभर आधी. पंप कोणाचा? २०२१ पासूनच्या नियमांनुसार अशा निधीतून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही; ती नोंदणीकृत विश्वस्त संस्था, लाभार्थ्यांचा बचतगट किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे जावी लागते. टाकी कोणाच्या शेतात? पुन्हा ३६-अ. तिसऱ्या वर्षी मोटर जळाली तर खर्च कोणाचा? हे शेवटचे कलम करारात नसेल, तर पाटी चकचकीत राहते आणि बायका पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर जातात.

वीटभट्टीचेही तसेच. जव्हार-मोखाड्यातली कित्येक कुटुंबे भातकापणी उरकली की उचल घेऊन वसई-भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जातात. बिल्डर कंपनी भट्टीमालकाकडून विटा घेते, मजुरांशी तिचा करार नसतो, म्हणून तिचा वकील तिकडे पाहत नाही. पण १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम म्हणजे सक्तीचे काम, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना आता व्यवसायाच्या जबाबदारीचा अहवाल सेबीला द्यावा लागतो. पुरवठादाराच्या करारात उचलीचा हिशेब लेखी हवा, मजुरी थेट हातात हवी, ही दोन वाक्ये घालणारा वकील भट्टीमालकाला किचकट वाटेल. चालेल.

या स्थलांतराचा धागा पुन्हा मनोऱ्याच्या फाइलपर्यंत येतो. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने गाव म्हणजे महसुली गाव एवढेच मानले नाही. वस्ती, पाडा हेही गाव होऊ शकते, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला आपली वेगळी ग्रामसभा मागण्याची वाट दिली. त्यामुळे फाइलला जोडलेला ग्रामसभेचा ठराव वाचताना आधी पाहायचे की ग्रामसभा कोणती, पाड्याची की सगळ्या ग्रामपंचायतीची. मग शिक्का, सह्या, अंगठे. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला हव्यात. ठरावाची तारीख जानेवारीतली असेल आणि उपस्थितीच्या रकान्यात दीडशे नावे एकाच शाईत, एकाच वळणात ओळीने लिहिलेली असतील, तर सहीचे पेन खाली ठेवून तालुक्याला फोन करावा. जानेवारीत अर्धा पाडा भट्टीवर असतो.